पोरगं पळूलालंय

लष्कराबद्दल आमच्या भालकीत, म्हणजे कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, मतभेद नाहीत. प्रत्येकाची दोन मतं आहेत आणि ती सगळ्यांची अगदी सारखी आहेत. एक मत चहाच्या हॉटेलात मांडायचं, दुसरं घरी भाकरी मोडताना. हॉटेलातलं मत असं की दरेक पोराला दोन वर्षं मिलिटरी सक्तीची करायला पाहिजे, मग बघा देश कसा सरळ होतो ते. घरातलं मत असं की आपल्या लेकराचे गुडघे लहानपणापासूनच जरा नाजूक आहेत.

सक्तीची मागणी करणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात. नियम उद्या सकाळी लागू झाला तरी आपण वयात बसत नाही, याची खात्री करूनच ते बोलतात. समोर चुरमुऱ्यांची सुशीला, वर तळलेली मिरची, हातात चहा आणि तोंडात इस्राईल. "तिथं पोरींनासुद्धा सोडत न्हाईत," असं एक काका नेमानं सांगतात. या काकांनी स्वतःच्या पोरीला उदगीरच्या कॉलेजात घातलं नाही. कारण काय, तर संध्याकाळची गाडी यायला अंधार पडतो.

जगात सक्ती आहे, हे खरं. दक्षिण कोरियात पोराला दीड वर्ष द्यावं लागतं, सिंगापुरात दोन. अमेरिकेनं १९७३ साली सक्ती बंद केली. त्याआधी व्हिएतनामला जायला नको म्हणून हजारो पोरं कॅनडात निघून गेली होती, आणि मुहम्मद अलीनं १९६७ साली भरतीला नकार दिला म्हणून त्याचं जगज्जेतेपद काढून घेतलं होतं. आपल्याकडं कारभार उलटा. १४ जून २०२२ ला सरकारनं जाहीर केलं की आता भरती चार वर्षांची, आणि भरती झालेल्याचं नाव अग्निवीर. लगेच ठिकठिकाणी पोरं रेल्वेच्या रुळांवर उतरली, डबे पेटले. १७ जूनला सिकंदराबाद स्टेशनात पोलिसांच्या गोळीबारात एक पोरगा गेला. हे स्टेशन आमच्या ओळखीचं. भालकीचा माणूस मोठ्या दवाखान्याला निघाला की त्याच बाजूला जातो. तिकडं अमेरिकेत सैन्यात घालतात म्हणून पोरं पळाली, इकडं सैन्यात पुरतं ठेवून घेत नाहीत म्हणून पोरं पेटली. ज्या देशात भरतीच्या मैदानाबाहेर पोरांना आवरायला पोलिस लावावे लागतात, तिथं सक्ती कुणावर करायची, हे काकांना विचारलं. काका म्हणाले, "तसं न्हवं, शिस्त लागती." आणि सुशीलेची प्लेट तिथंच ठेवून, हात रस्त्यावर धुऊन गेले.

साताऱ्याकडची गोष्ट वेगळी. तिथल्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, म्हणून गावाचं नावच मिलिटरी अपशिंगे पडलं. कोल्हापूरकडं सैनिक टाकळी आहे. तिकडं पोरगं फौजेत गेलं नाही तर घरचे विचारात पडतात. आमच्याकडं भिंतीवर फोटो असतो तो फेटा बांधलेल्या पाटलाचा, नाहीतर कारखान्याच्या निवडणुकीत दोनदा पडलेल्या चुलत्याचा. याला कारण आहे. इंग्रजांचे भरतीवाले त्यांच्या ताब्यातल्या मुलखात फिरायचे आणि आम्ही पडलो निजामाच्या राज्यात. आमच्या राज्याच्या नावाची एक पलटण इंग्रजांकडं होती, १९वी हैदराबाद रेजिमेंट. पण तिच्यात भरणा कुमाऊँचा, जाटांचा आणि अहिरांचा. शेवटी १९४५ साली तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट केलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्ही हरकतही घेतली नाही. एरवी गावाच्या पाटीवरचं एक अक्षर बदललं तरी इथं बंद पाळतात.

मग मिलिटरी आमच्याकडं स्वतःच आली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून निघाली. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद करत पुढं सरकली आणि १७ तारखेला निजामानं हात टेकले. त्या पाच दिवसांच्या आधी आणि नंतर या भागात काय काय झालं, ते म्हातारी माणसं आवाज खाली करून सांगतात. ते या लेखात आणायचं नाही. सांगायचं एवढंच की रणगाड्यांसकट आलेल्या त्या फौजेच्या मोहिमेला सरकारनं नाव दिलं 'पोलिस अ‍ॅक्शन'. त्यामुळं मिलिटरी आणि पोलिस यांत आम्ही आजही फरक करत नाही, याचा दोष आम्हाला देऊ नये. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव दल, विमानतळावर बॅगा तपासणारा, रेल्वेतला, गणपतीत शिट्टी वाजवणारा होमगार्ड, केस बारीक आणि कपड्याला इस्त्री असली की आम्हाला तो मिलिटरीवाला. त्याच्याही आईला हेच सोपं पडतं.

खरी मिलिटरी मात्र रोज डोक्यावरून जाते. बीदरला हवाई दलाचा तळ आहे, तिथं वैमानिक तयार होतात. हॉक विमानं २००८ पासून तिथंच. आकाशात नऊ विमानांच्या कसरती करणारं 'सूर्यकिरण' पथकही बीदरचंच, १९९६ साली तिथं सुरू झालेलं. त्यामुळं दिल्लीत लोक जे तिकीट काढून बघतात ते आमच्याकडं तुरीला पाणी देताना फुकट दिसतं. विमान कुठलं, हे आमच्या रानातली माणसं आवाजावरून सांगतात, आणि तीन जणांची तीन उत्तरं येतात. पण एवढी वर्षं वर बघून कुणा बापाच्या मनात आलं नाही की त्यात आपलं पोरगं बसू शकतं. वैमानिक म्हणजे कुठूनतरी बाहेरून येणारे साहेब लोक. आपलं पोरगं गेलंच तर जवान म्हणून जाणार, अशी गावानं त्याच्या वतीनं समजूत करून घेतली आहे.

ते पोरगं पहाटे साडेचारला रस्त्यावर असतं. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत पळालं तर पूर्ण ६० गुण, बारला दहा वेळा हनुवटी लावली तर ४०. नऊ फुटांचा खड्डा एका उडीत पार करायचा. छाती ७७ सेंटिमीटर आणि फुगवून पाच सेंटिमीटर जास्त. हे सगळं त्याला पाठ असतं, आणि रस्त्यावर भेटणाऱ्या प्रत्येकाला त्याहून जास्त पाठ असतं. आमच्याकडं पळणाऱ्याला सल्ला द्यायला स्वतः पळालेलं असण्याची अट नाही. दूध घालायला निघालेला मोटारसायकल हळू करून सांगतो, "नाकानं श्वास घे, नाकानं." तोंडात दात घासायची मिश्री धरलेले आजोबा बोटानं खूण करतात की पाय उचल. एकजण म्हणतो कच्ची अंडी खा, दुसरा म्हणतो भिजवलेले हरभरे. घरात माय म्हणते, "काय खायाचं ते खा, पर बूट नवा मागू नगंस." कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर बाप जरा ओशाळून सांगतो, "काय नाय, पोरगं पळूलालंय." दोन वर्षं पळणं हा आता आमच्याकडं बारावीनंतरचा एक अभ्यासक्रमच झाला आहे, फक्त त्याला गुणपत्रिका नाही.

हल्ली पोरीही पळतात. लष्करी पोलिसात मुलींची भरती सुरू झाली, पोलिसात होतीच. पण "अमक्याची पोरगी पळूलालीय" म्हटलं की गावाला पहिला अर्थ वेगळाच सुचतो आणि खुलासा होईपर्यंत बापाचं रक्त आटतं. एका पोरीच्या आजीनं यावर तोड काढली. नात पळायला निघाली की आजी स्कूटीवर मागं बसून बरोबर जाते, म्हणजे निदान पळूलालीय ती एकटीच, याला साक्षीदार राहतो.

पळणं सोपं, पण कागद अवघड. भरतीला जातीचा, रहिवासाचा, वागणुकीचा असे दाखले लागतात. नाडकचेरीत कन्नडमधला अर्ज, मराठीतली विनवणी आणि दख्खनीतलं भांडण अशा तीन टप्प्यांतून ते मिळतात. हॉटेलात जवानाचा जयजयकार करणारा माणूस खिडकीच्या आत बसला की जवान होऊ घातलेल्याला "नाळे बा" म्हणून उद्या बोलावतो. राज्य सरकारच्या नोकरीसाठी आमच्याकडं कलम ३७१-जेचा दाखला असतो, तो पोरं सगळ्या कागदांवर ठेवतात. फौज त्याच्याकडं बघतही नाही. तिला हवा असतो एक वेगळाच कागद. पोरगं अविवाहित आहे, असा गावच्या पंचायतीचा दाखला, वर फोटो लावलेला आणि सहा महिन्यांच्या आतला. म्हणजे जुना चालत नाही. सहा महिन्यांत काहीही घडू शकतं, हे फौजेलाही ठाऊक आहे. आमच्या भागात अविवाहित असल्याचं दुःख सगळीकडं आहे, पण त्याचा शिक्का मारून कागद मिळतो तो फक्त फौजेसाठी. पंचायतीचे पीडीओ साहेब सही करता करता म्हणतात, "दहा एकरवाल्याचं पोरगं बिनलग्नाचं बसलंय, तुझं काय घेऊन बसलास?"

आता पळण्याच्या आधी परीक्षा आली, संगणकावर. २०२५ पासून ती तेरा भाषांत देता येते. त्यात मराठी आहे आणि कन्नडही. झालं. सीमाप्रश्नावर महाजन आयोगानं १९६७ साली अहवाल दिला, खटले कोर्टात गेले, तीन पिढ्यांचे घसे बसले, आणि तो सगळा प्रश्न एका एकोणीस वर्षांच्या पोरापुढं एका चौकोनात येऊन उभा राहिला: भाषा निवडा. आजोबा म्हणाले मराठी, विषयच नाही. शाळेतले सर म्हणाले कन्नड, दहावीपर्यंत तेच शिकलास. पोरानं हिंदी निवडली. कारण बाजारात सरावाचं पुस्तक हिंदीतच मिळालं आणि यूट्यूबवरचा मास्तरही हिंदीतच शिकवतो. आजोबा दोन दिवस बोलले नाहीत.

आमचं भरती कार्यालय बेळगावला. चारशे किलोमीटरच्या पुढचा रस्ता, रात्रभर गाडीत बसून जायचं. उदगीरचा मामेभाऊ घरापासून तासाच्या अंतरावर राहतो, तीच ज्वारीची भाकरी खातो, तीच शिवी देतो, पण त्याचं राज्य वेगळं म्हणून त्याची भरती वेगळीकडं. बेळगावला १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. तिच्या पलटणींचा इतिहास १७६८ पर्यंत मागं जातो, आणि हल्ल्याला निघताना त्या आजही छत्रपती शिवाजी महाराजांचा जयघोष करतात. कर्नाटकात राहून, हिंदीत परीक्षा देऊन, मराठा पलटणीत जायचं स्वप्न बघणारा पोरगा आमच्याकडं कुणाला विचित्र वाटत नाही.

निवड झाली की गावाचा चेहरा बदलतो. गुडघे नाजूक म्हणणारे सगळे हार घेऊन येतात. फ्लेक्स लागतो. वर शिवाजी महाराज, बसवण्णा आणि बाबासाहेब. खाली आमदार, माजी आमदार आणि भावी आमदार. त्याखाली शुभेच्छुकांची फौज. आणि अगदी कोपऱ्यात, पासपोर्टएवढा, ज्याची निवड झाली तो. निवड विमानतळाच्या सुरक्षा दलात झालेली असली तरी मजकूर 'भारतीय सैन्यात' असाच असतो. डीजे लागतो. त्या रात्री गावातला प्रत्येकजण सांगतो की मीच त्याला नाकानं श्वास घ्यायला शिकवलं.

शिवाजी शेजारच्या घरी जन्मावा, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. अडचण अशी की ती शेजाऱ्यांनीही ऐकलेली असते. जे खाऊनपिऊन सुखी आहेत त्यांचे शिवाजी पुण्याला हिंजवडीत आणि हैदराबादला माधापुरात असतात. पळायला उरतो तो कोरडवाहू तीन एकरवाल्याचा मुलगा. त्याला विचारलं तर तो देशप्रेमावर भाषण करत नाही. बहिणीचं लग्न, बापाचं सोसायटीचं कर्ज आणि पावसावर अवलंबून नसलेला पगार, असं तो सरळ सांगतो. मला या सगळ्या प्रकरणात खोटं न बोलणारा तोच एक भेटला आहे. हॉटेलातल्यांना मात्र हे ऐकवत नाही. त्यांना त्याच्या तोंडून सीमेची गोष्ट हवी असते, आणि ती झाली की हळूच पगाराचा आकडाही हवा असतो.

पहिल्या सुट्टीत तो काळी ट्रंक घेऊन येतो, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. त्या आठवड्यात त्याच्याएवढा लाडका माणूस तालुक्यात नसतो. वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेले मावसे घरी येतात, देशाची परिस्थिती विचारतात, पाणी पितात, उठायच्या आधी विषय काढतात: "कँटीनचं काय आणलास की न्हाई?" ज्याला बाटली मिळते तो म्हणतो फौजेमुळं देश टिकून आहे. ज्याला मिळत नाही तो म्हणतो, पोरगं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. कुणाला मिक्सर स्वस्तात हवा असतो, कुणाला टीव्ही. पूर्वीच्या जवानाला वर्षाला नव्वद दिवस सुट्टी, त्यात असे सगळे पाहुणे बसायचे. अग्निवीराला तीसच दिवस. त्यात यायला दोन, जायला दोन. नाराज पाहुण्यांची संख्या वाढत चालली आहे.

आणि मग सोयरीक. मुलीच्या बापाच्या अटी आमच्याकडं ठरलेल्या: नोकरी सरकारी पाहिजे, पण बदली नको, शेती पाहिजे, पण शेतात जाणारा नको. फौजी पूर्वी या चाळणीतून कसाबसा सुटायचा, कारण पेन्शन. आता मध्यस्थ म्हणतो, "पोरगं मिलिटरीत हाय," आणि समोरून प्रश्न येतो, "परमनंट का चार वर्षाचं?"

इथं हिशेब सुरू होतो, आणि हिशेबात आमचे मामा लोक कुणाला हरत नाहीत. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ कापून हातात एकवीस. चौथ्या वर्षी चाळीस. चार वर्षांनी चारातला एक आत राहणार, बाकी तिघांना व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार देऊन घरी पाठवणार. "म्हंजी पंचवीस टक्के जावई," एका मामांनी निकाल दिला. दुसऱ्यांनी लगेच ते अकरा लाख एकाहत्तर हजार हुंड्याच्या उलट बाजूला मांडून त्यात किती गुंठे येतील ते काढलं. कुणीतरी सांगितलं की निमलष्करी दलांत अग्निवीरांसाठी जागा राखल्या आहेत. "मग पुन्हा पळायचं का?" मुलीच्या आईनं विचारलं. पहिली तुकडी २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणात उतरली. तिची चार वर्षं २०२७ मध्ये भरतात, आणि तालुक्यातल्या बऱ्याच मुलींचे बाप तोवर थांबून निकाल बघून मगच पत्रिका काढायच्या विचारात आहेत.

हे ऐकून शहरातले लोक नाक मुरडतात, देशसेवेत कसला सौदा म्हणतात. पण हा वाद जुना आहे आणि मोठ्या माणसांचा आहे. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात इंग्रजांसाठी सैनिक गोळा करायला फिरले. साराबंदीच्या लढ्यात याच लोकांनी त्यांना बैलगाड्या फुकट दिल्या होत्या. भरतीचं नाव काढल्यावर भाड्यानंही गाडी मिळेना. पायी चालावं लागलं, भाकरीही बरोबर बांधून न्यावी लागली. लोकमान्यांची रीत वेगळी. त्यांनी गांधीजींकडं पन्नास हजारांचा चेक पाठवला: हिंदी माणसांना फौजेत अधिकाराच्या जागा मिळतील असं सरकारकडून कबूल करून आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो, नाही दिली तर पैसे गेले. गांधीजींनी चेक परत केला, मदत अशी अटीवर करायची नसते म्हणाले. आमचे मामा हे काही वाचलेले नाहीत, पण "आधी कबूल करून घ्या" या एका मुद्द्यावर ते शंभर टक्के टिळकांचे आहेत. आणि गाडीच्या मुद्द्यावर खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे.

गाडीवरून आठवलं. दसऱ्याच्या मागंपुढं सोयाबीन निघतं आणि आमच्याकडचे सगळे डांबरी रस्ते खळी होतात. अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत, कडेला दगड मांडलेले, आणि राखणीला खाटेवर कांबळं पांघरून एक आप्पा. परवा पहाटे एक पोरगं पळत आलं, मागं मोटारसायकलवर मोबाइलमध्ये वेळ लावून त्याचा दोस्त. आप्पांनी हात आडवा करून त्याला थांबवलं.

"भरतीचा हाईस न्हवं? नुसतं पळून भागत न्हाई बघ. देशासाठी जीव द्यायची तयारी पायजे."

"जीव नंतर देतो की आप्पा," पोरगं धापा टाकत म्हणालं, "आदी तुमचं सोयाबीन जरा कडंला वढून घ्या. वळसा घालण्यात रोज टायमिंग जाऊलालंय माझं."

आप्पा जागचे हलले नाहीत.

"वळून पळ," ते म्हणाले. "तिथं बॉर्डरवर कोण रस्ता झाडून ठेवणार हाय का तुला?"